मावशीची दोन मिनिटं

माझ्या मावशीला घाई करायला लावणं हा आमच्या घरातला जुना आणि कायम फसलेला उद्योग आहे. सगळे चपला घालून दाराबाहेर उभे, आणि ही आत गॅस बंद आहे की नाही ते तिसऱ्यांदा बघणार. काही बोलावं तर म्हणणार, "दोन मिनिटांनी तुमचं काय आभाळ कोसळणार आहे?"

ही दोन मिनिटं तिने कामावरून घरी आणली. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं आहे. तिथे प्लास्टिकचे कण असतात, पिठाहून बारीक, पोटात लोखंड भरलेले. त्यांच्यावर असा लेप असतो की रक्तातला नेमका एक जंतू त्यांना चिकटतो. मग नळी लोहचुंबकाला टेकवून ठेवायची. दोन मिनिटांत कण जंतूंना घेऊन काचेच्या कडेला येतात, तिथे तपकिरी रेघ दिसते, आणि उरलेलं पाणी ओतून टाकायचं. नवं पाणी घालून असं तीनदा धुवायचं, आणि मग कणांना जंतू चिकटलाय का ते तपासायचं. कणांना मावशी 'पोरं' म्हणते. "पोरं बसल्याशिवाय पाणी हलवायचं नाही," असा दम तिथल्या प्रत्येक नवख्याने खाल्लेला आहे. स्वतःच्या पोटच्या पोरांना तिने इतकं कधी सांभाळलं नाही, असं माझी मावसभावंडं म्हणतात.

अशा या बाईच्या हाती गेल्या वर्षी माझ्या आईचं रक्त गेलं. तीन आठवडे आईचा ताप हटत नव्हता. डॉक्टरांना एका जंतूचा संशय होता. तो सापडला तर कडक औषध लगेच सुरू, नाही तर नाही. दुपारी मावशीचा फोन आला, "ताई, काही नाही गं, एकदम स्वच्छ!" आईने उशीला डोकं टेकलं आणि कितीतरी दिवसांनी चहा मागितला.

तासाभराने पुन्हा फोन वाजला. या वेळी मी उचलला.

"मी घाई केली रे."

"तू? घाई?" मला हसूच फुटलं. "कॅलेंडरवर लिहून ठेवतो थांब."

पलीकडे ती हसली नाही. बहिणीची नळी म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि दोन मिनिटं व्हायच्या आधीच तिने पाणी ओतलं होतं. मागाहून शंका आली. भांड्यात ओतलेल्या पाण्याला चुंबक लावून पाहिलं, तर अर्धी पोरं तिकडेच. जंतू असलाच तर तोही त्यांच्याबरोबर गेला असणार.

"आईला घेऊन ये. मी हात लावणार नाही, इथली दुसरी मुलगी करेल."

दुसऱ्या मुलीने केलं. मावशी तिच्या खांद्यामागे उभी राहून घड्याळ बघत होती, इतकी की त्या मुलीने शेवटी तिला खुर्चीत बसवलं. जंतू सापडला. संध्याकाळी औषध सुरू झालं.

सहाव्या दिवशी ताप उतरला. मावशी आईच्या पायाशी येऊन बसली. खाली मान घालून म्हणाली, "ताई, तेवढं एक माफ कर."

"वेडी आहेस का? तू सांगितलंस म्हणून तर वाचले," आई म्हणाली. मग पुढे म्हणाली, "पण तो मधला एक तास होता ना, मला अगदी बरी झाल्यासारखं वाटत होतं गं."

मावशी ढसाढसा रडायला लागली. मी तिथेच होतो, पण चिडवायला जीभ रेटली नाही.