मामेसासऱ्यांनी बजावलेली नोटीस

लग्नाला जाऊन नवरीच्या आधी मोरी बघणारा माणूस अख्ख्या जगात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्याच लग्नात भटजी मंगलाष्टकांना उभे राहिले, मुलीच्या मामाला बोलवा म्हणाले, आणि मामांचा पत्ता नाही. नवरीच्या पाठीशी मामाने उभं राहायचं ही रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. शोधाशोध झाली तेव्हा मामा कार्यालयाच्या मागे सापडले. आचाऱ्याची माणसं खरकटं पाणी रस्त्यावर सोडत होती. त्यांच्याकडून मामा खड्डा खणून घेत होते. डोक्याला फेटा, मुठीत अक्षता तशाच. मुहूर्त चार मिनिटांनी हुकला. पुढे संसारात काही बिनसलं की बायको त्या चार मिनिटांवर खापर फोडायची आणि मी मामांवर.

मामा नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक होते. आमच्या भागातली गावं एकत्र करून नगरपालिका तेव्हा नुकतीच झालेली, आणि काल जिथे ज्वारी होती तिथे आज कारखान्याचं धुराडं, असा सगळा मामला. घराने, दुकानाने, कारखान्याने सांडपाणी आणि कचरा कुठे टाकावा याचे उपविधी छापून आले होते. लोकांनी ते पुड्या बांधायला वापरले, मामांनी पाठ केले. एकदा त्यांच्याच न्हाणीचं पाणी बोळात वाहिलं तर त्यांनी स्वतःच्या नावाने नोटीस लिहिली, दारात उभं राहून स्वतःलाच वाचून दाखवली आणि ‘मिळाली’ म्हणून खाली सही ठोकली. मामींनी कपाळावर हात मारला. नोटीस घ्यायला कुणी नकार दिला तर ती दोन पंचांसमक्ष दारावर डकवायची असते. ऑफिसचा डिंक मालक लोक नखाने उचकटतात, म्हणून मामा गव्हाच्या पिठाची खळ मामींकडून शिजवून घेत आणि डबीत भरून सायकलला अडकवत. ती नोटीस निघायची तर दाराच्या रंगासकट निघायची.

भोसरीहून दिघीकडे जाताना माझी एक शेड होती. नटबोल्ट ॲसिडमध्ये धुऊन त्यांना जस्ताचा मुलामा द्यायचा, एवढंच काम. बारा माणसं पोटाला लागलेली. धुतलेलं पाणी मागच्या ओढ्यात जायचं, आणि त्या ओढ्यावर शेड माझी एकट्याचीच. ओढ्याच्या खालच्या अंगाला कोंडाबाईचा मळा आणि विहीर. एके दिवशी ती कळशी घेऊन आली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “म्हशी तोंड लावत न्हाईत ह्या पान्याला.” मी बघतो म्हणालो. बघणार काय, कप्पाळ! मनात म्हटलं, आपला मामा नगरपालिकेत आहे, आपल्याला कोण हात लावतो. इथेच घोडं पेंड खात होतं.

त्या वर्षी अधिक महिना आला. बायकोचे वडील लवकर गेलेले, म्हणून जावयाचा मान मामाच करत. पाट, रांगोळी, कपाळाला टिळा, ताटात मोजून तेहतीस अनारसे. मामांनी आग्रह कर-करून वाढलं. हात धुताना मात्र हळूच म्हणाले, उद्या अकराला कारखान्यावर येतो, दोन पंच हजर ठेवा. मला वाटलं, चेष्टा आहे.

अकराच्या ठोक्याला सायकल आली. पंधरा दिवसांत पाणी निवळायला चुन्याचा हौद बांधा, नाहीतर शेड बंद. मी म्हणालो, मामा, काल अनारसे वाढलेत आणि आज हे? त्यावर ते शांतपणे म्हणाले, “काल माझ्या घरी जावई आला होता. आज मी ओढ्यावर आलोय.” मी कागद घेतला नाही. त्यांनी मामींची खळ काढली आणि नोटीस माझ्याच दारावर डकवली.

संताप आला हो. शेड बंद म्हणजे काम देणाऱ्या कंपनीने पाठ फिरवली असती आणि बारा घरांच्या चुली विझल्या असत्या. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. गुरुवारी वीज बंद असायची, म्हणून त्या दिवशी आम्ही खड्डा खणायला घेतला, तर मामा रजा टाकून हजर. सदरा काढला, फावडं घेतलं. आमचा परभणीकडचा फोरमन माझ्या कानाशी लागला, नोटीस देणाराच खणायलाय, ह्याला काय म्हणावं? मामांनी दोन गुरुवार माती उपसली, कामगारांत बसून भाकरी खाल्ली.

पंधराव्या दिवशी तेच मामा तपासणीला आले. काठीने हौद मोजला. खोली वीतभर कमी भरली. स्वतः खणलेला हौद त्यांनी नापास केला आणि दोन दिवस शेड बंद ठेवली! तिसऱ्या दिवशी पास झाला तेव्हा मी तोंड सोडलं. म्हणालो, मामा, तुम्हाला नातं म्हणून काही कळतच नाही. ते सायकल घेऊन निघून गेले. पुढे वर्षभर मी त्यांच्या घराची पायरी चढलो नाही.

नंतर बोलणं सुरू झालं, पण पूर्वीसारखं नाही. मामा निवृत्त झाले. माझ्या हौदातून आता निवळलेलं पाणी जायचं, पण कोंडाबाईची विहीर काही सुधारली नाही. तिने म्हशी विकल्या आणि प्यायचं पाणी ती लांबच्या हापशावरून आणू लागली.

एका दुपारी मामा शेडवर आले. चहा नको म्हणाले. मला घेऊन मागे ओढ्याने खाली गेले आणि कोंडाबाईच्या विहिरीच्या कठड्याशी उभे राहिले.

“जावईबापू, मला नातं कळत नाही म्हणालात ना? खंडेनवमीला तुमच्या यंत्रांची पूजा झाली, तेव्हाच मी हा ओढा बघितला होता. नोटीस अधिकात दिली. मधले नऊ महिने गप्प बसलो. दुसऱ्या कुणाला नऊ दिवस दिले नसते.” मग विहिरीत बघून म्हणाले, “ही त्या नऊ महिन्यांत गेली.”

मला तोंड वर करवेना. सगळ्या नोकरीत हा माणूस एकदाच वाकला, तो माझ्यासाठी, आणि मी त्यालाच नातं शिकवत होतो.

तेवढ्यात कोंडाबाई बांधावरून घागर घेऊन येताना दिसली. मामा पुढे झाले, तिची घागर घेतली आणि तिच्या घराकडे चालू लागले. वय झालेलं, दम लागायचा. एकदा थांबले, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा मी धावत गेलो आणि घागर माझ्या खांद्यावर घेतली.