लेकीची रेघ दिसेल तेच टूल

आमच्या हापिसातलं टूल मी निवडलं, हे कुणालाच खरं वाटत न्हाई. भावजय तर तोंडाला पदर लावून हसली. "चौथी शिकलेली बाई, चहा करती, अन् म्हणं टूल निवडलं!" नका मानू! पण लातूरच्या त्या दोन खोल्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीत मी रोज ओट्यापाशी उभी असते. गाळणीत चहापत्ती साचावी तसे किस्से साचतात. कधीतरी झटकावेच लागतात.

*

कंपनी आडत दुकानांसाठी एकच प्रोग्राम करती. मालक प्रशांत सर, मुखेडचा नागेश, इथलीच फरहीन, अन् माझी लेक सोनाली. ती लग्न होऊन बेंगळुरूला गेली, पण काम इथलंच करती, तिथून. चौघांचे हात एकाच प्रोग्रामला, म्हणून कुणी काय बदललं याची नोंद मशीन ठेवतं. नागेश ती काळ्या पडद्यावर अक्षरं बडवून बघायचा. एकदा बडवता बडवता त्यानं फरहीनचं सगळं कामच पुसलं!

फरहीन म्हणाली, "नागेश, तुला नांगराला जुंपलं तर बांधासकट रान काढशील!"

सर वैतागले. "बास! आता ही नोंद चित्रात दाखवणारं टूल घ्यायचं. डोळ्याला दिसलं पाहिजे."

*

पहिलं टूल लई जड निघालं. नागेशनं उघडाय लावलं. मी चहा केला, गाळला, दिला, कपबश्या धुतल्या, तरी पडद्यावर गोल फिरूनच राहिलं!

"लोड होऊन राहिलंय, मावशी," सर म्हणाले.

"सर, याच्याआधी शिरूर अनंतपाळची एसटी येईल!"

त्याच दिवशी काढून टाकलं.

*

राहिली दोन, ती महिनाभर वापरून बघायची ठरली. एक लई फास्ट, पण नुसत्या राखाडी रेघा. दुसऱ्यात ज्याची त्याची रंगीत रेघ, अन् रेघेच्या टोकाला फोटो. फरहीननं मला बोलावलं. "मावशी, ही बघा तुमची सोनाली."

हिरवी रेघ. माझ्या देखतच टोकाला एक ठिपका पडला.

"आत्ताच काम जमा केलं तिनं," फरहीन म्हणाली.

मी फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. फोन केला की पोरगी म्हणती, "मीटिंग हाय आई, नंतर करते." ते नंतर कुठं राहतंय कोण जाणे! पण ठिपका पडला की मला कळायचं, उठली, आवरलं, बसली कामाला. बेंगळुरू पडद्याएवढं जवळ यायचं. हात मात्र लावता येत न्हाई. एकदा बोट लावून बघितलं, तर नागेश वरडला, "मावशी, डाग पडतोय!"

*

एक दिवस दुपार झाली तरी हिरवा ठिपका न्हाई. मी फोन लावला. "ताप हाय का तुला?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या रेघेनं!"

पोरगी आधी खोकली. मग म्हणाली, "थोडासाच हाय." त्या दिवशी मीटिंग निघाली न्हाई. लई वेळ बोलली, दुपारी काय खातेस तेही विचारलं; मी म्हटलं, चहा.

*

नागेशला मात्र राखाडीच पाहिजे होतं. "मावशी, फोटो काय चाटायचेत? काम फास्ट झालं पाहिजे." सरांचं मन तिकडंच झुकून राहिलं होतं.

मी आत गेले. तीन कप भरून आणले. नागेशनं घोट घेतला अन् थबकला. "मावशी, हे तर नुसतं गरम पाणी हाय!"

"हाव. लई फास्ट झालं!"

सरांच्या नाकातून पाणी आलं हसून हसून. म्हणाले, "नागेश, फोटोवालंच टाक बाबा. न्हाईतर उद्या नळाचं मिळेल." ओट्यावर आमचाच प्रोग्राम चालू असलेला एक जुना पडदा असतो, त्यावरही रेघा दिसाय लागल्या.

*

मग एका दुपारी एका आडत्याचा फोन आला. "साहेब, तुरीच्या बिलाची पट्टी काढाय बसलो, तर पडद्यावर आलं, 'नुसत्या चहावर राहू नको. भाकर खा.' काय भानगड हाय?"

लगेच दुसऱ्याचा. "आमची मंडळी म्हणती, मशीनला कळतंय, तुम्हालाच कळत न्हाई!"

सर भडकले. "गिऱ्हाइकाच्या प्रोग्राममध्ये ही चेष्टा कुणी केली?"

नागेश म्हणाला, "माहूरच्या देवीची शपथ, मी न्हाई." फरहीननं कानाला हात लावला. मग तिघंही माझ्याकडं बघाय लागले!

"माझ्याकडं काय बघता? मला माऊस धरता येत न्हाई!"

नागेशनं शोधलं. "सर, ही ओळ आपल्या ओट्यावरच्या पडद्यापुरती लिहिलेली हाय. ऐन जेवणाच्या वक्ताला दिसावी म्हणून. चुकून सगळ्या दुकानांत गेली."

"पण लिहिली कुणी?"

नव्या टूलमध्ये एक बटण हाय. ओळीवर जाऊन दाबलं, की लिहिणाऱ्याचं नाव समोर. त्या बटणाला म्हणं 'ब्लेम' म्हणतात, म्हणजे दोष.

"दाब," सर म्हणाले.

नागेशनं दाबलं. मी ट्रे घेऊन मान लांब केली. वाचाय मला वेळ लागतो, पण हे नाव मी लांबूनच वाचलं.

सोनाली.