बोर्दोच्या तीन बाटल्या

आयर्लंडमधल्या लिमरिक शहरातल्या त्या वाइनच्या दुकानात नोकरी मिळावी म्हणून मी इतकी उतावीळ झाले होते, की मुलाखतीच्या दिवशी सकाळचा चहासुद्धा घेतला नाही. जीभ कोरी राहायला हवी ना! नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, आणि मी त्याच्या मागोमाग येऊन चार वर्षं घरी. पुण्यात लोणच्यांच्या कारखान्यात चव तपासायचे. माझ्या एका 'नाही'वर पिंपंच्या पिंपं बाजूला निघायची. इथे माझ्या जिभेला विचारतंय कोण?

मालकीणबाई साठीच्या पुढच्या, फटकळ. काउंटरवर फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या तीन रेड वाइन, लेबलांवर कागद गुंडाळलेला. ''नदीच्या डाव्या काठाची कुठली, उजव्या काठाची कुठली, ते सांग,'' म्हणाल्या. याची तयारी मी महिनाभर केली होती. पण त्यांनी पहिली वाइन ओतली, स्वतः एक घोट घेतला आणि तोच ग्लास माझ्या हातात दिला.

उष्टा! आता काय करायचं? सवयीनं मान मागे टाकली आणि तांब्यातून पाणी प्यावं तशी वरून धार सोडली. वाइनच्या ग्लासातून कुठली आलीय धार! अर्धी तोंडात, अर्धी हनुवटीवरून पांढऱ्या शर्टावर. ''जीझस, असं पिताना मी आजवर कुणाला पाहिलं नाही,'' म्हणत बाई खो खो हसायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण तोंडात जे गेलं होतं, ते! कच्चं जांभूळ चावल्यासारखी जीभ आकसली, हिरड्या कोरड्या पडल्या, आणि मग मागून हळूच काळं फळ आलं, पेन्सिलीला टोक काढताना येतो तो वास आला. शर्टाचं भान सोडून मी बोलत सुटले. ''ही डाव्या काठाची, खडीच्या जमिनीतली. कॅबर्ने द्राक्षं जास्त. ताठ आहे, चटकन जवळ येऊ देत नाही.'' दुसरीसाठी बाईंनी मुकाट्यानं वेगळा ग्लास काढला. ती मऊ, भरदार, पिकलेल्या आलुबुखारासारखी. ''उजवा काठ. मर्लो!'' मी जवळजवळ ओरडलेच. त्यांनी कागद सोडवले. दोन्ही बरोबर! मला तिथेच नाचावंसं वाटत होतं.

''तिसरी माझी लाडकी,'' बाई म्हणाल्या. ''शनिवारी गिऱ्हाइकांना हीच चाखायला द्यायचीय.'' घोट घेऊन त्यांनी मान डोलावली. ''ग्रँड.''

मी माझ्या ग्लासात नाक घातलं. ओल्या पुठ्ठ्याचा वास. फळाचा पत्ताच नाही. बूच खराब निघालं होतं. 'छान आहे' म्हटलं की नोकरी खिशात होती. पण माझी जीभ कुठली ऐकतेय.

''ही बिघडलीय.''

''मी आत्ताच चाखली.''

''तरी बिघडलीय.''

बाई जाऊन दुकानाचं दार लावून आल्या. ''मला वास येत नाही,'' त्या म्हणाल्या. ''दीड वर्षापूर्वी ताप आला, त्यात गेला. तुरट, आंबट कळतं. बाकी सगळं आठवणीवर विकते. घरीसुद्धा सांगितलेलं नाही.'' तिसरी बाटली त्यांनी सिंकमध्ये उपडी केली. ''सोमवारी ये. मी चुकले की असंच तोंडावर सांगायचं.''

नोकरी मिळाली होती! हसू की रडू, कळेना. मी दुसऱ्या वाइनचा ग्लास पुन्हा भरला, नाकाशी धरला आणि त्यात काय काय आहे ते त्यांना एकेक करून सांगायला लागले. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मी थांबले की म्हणायच्या, ''आणखी?''