घोलवडची पार्टी लाइन

माझी सून परवा म्हणाली, "आई, तुमच्याकडे टेलिफोनचे एवढे किस्से साठले तरी कसे?" मी म्हटलं, "अगं, आमच्या खात्यात शहाणी माणसं असती तर एकही साठला नसता!"

खरंच सांगते, काम नीट झालं की त्याचा किस्सा होत नाही. फोन लागला, बोलणं झालं, ठेवला. त्यात सांगण्यासारखं काय? पण आमच्या साहेबलोकांनी एकही काम नीट होऊ दिलं नाही, म्हणून माझं म्हातारपण मजेत चाललंय.

साठ सालानंतरची गोष्ट. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात. स्टेशनाजवळ एका कौलारू घरात आमचं एक्स्चेंज होतं. एक बोर्ड, एक खुर्ची आणि खुर्चीवर मी, ऑपरेटर. कुणी आपल्या फोनचं हँडल फिरवलं की बोर्डावरची त्याची झडप खट्कन पडायची. मग मी कॉर्ड खोचायची, "नंबर प्लीज" म्हणायचं आणि हवा तो माणूस जोडून द्यायचा. तालुक्यात कुणाला कुणाशी काय बोलायचंय हे देवाच्या खालोखाल मला ठाऊक. म्हणूनच बहुधा, नव्या लाइनी कुठून न्यायच्या आणि कुणाला द्यायच्या हे ठरवताना मला कधी कुणी विचारलं नाही!

* * *

ते ठरवायला मुंबईहून प्लॅनिंगसाहेब यायचे. सोबत नकाशा, लाकडी पट्टी आणि ती पट्टी धरायला एक शिपाई.

घोलवडला आणि तिथून पुढे तलासरीला लाइन टाकायची होती. साहेब सकाळच्या गाडीने उतरले, चहा प्यायले आणि माझ्या टेबलावर नकाशा पसरला. डहाणूवर पट्टीचं एक टोक, घोलवडवर दुसरं, आणि मध्ये लाल पेन्सिलीने सर्रकन रेघ.

मी म्हटलं, "साहेब, एकदा जागा बघून या. वाटेत माणसं राहतात."

"बाई, दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा. तार वाचते."

संध्याकाळच्या गाडीने साहेब परत! ह्याला म्हणायचं सर्व्हे.

ती रेघ बरोबर आमच्या कोळीवाड्यातून गेली, बांबू बांधून जिथे बोंबील वाळत घालतात त्या जागेतून. खांब उभे राहिले. बायकांनी चार दिवस ते नुसते न्याहाळले. पाचव्या दिवशी खांबाखांबांना दोरखंड बांधले आणि त्यावर बोंबील टांगले!

मग काय विचारता! कावळे आणि घारी तारांवर येऊन बसल्या. त्या उडाल्या की तारा एकमेकींवर आपटायच्या आणि माझ्या कानात नुसती खरखर. शेवटी साहेब स्वतः आले. जनीमावशी, म्हणजे आमच्याकडे रोज मासे घालणारी कोळीण, तिच्यावर ओरडले, "ही सरकारी मालमत्ता आहे!"

जनीमावशीने पदर खोचला. "जागा आमची, खांब तुमचं. तुमी आमाला इचारलं होतं का? नाय ना? मंग आमी पण नाय इचारलं!"

साहेब निघाले. जाताना मावशीने त्यांना सुक्या बोंबलाची एक जुडी बांधून दिली, तीही त्यांनी घेतली. पुढे रिपोर्टात त्यांनी काय लिहावं? "सदर खांबांचा स्थानिक जनतेस बहुविध उपयोग होत असल्याचे आढळले!"

* * *

आता कुसुमताईंबद्दल सांगते, कारण सगळं त्यांच्यापाशीच येऊन थांबतं.

कुसुमताई म्हणजे तलासरीच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्स. अडलेली बाळंतीण आली की तिला डहाणूच्या हॉस्पिटलात न्यायला लागायचं. जीप डहाणूला, बाळंतीण तलासरीला, आणि दोघींच्या मध्ये निरोप न्यायला एस.टी.ने गेलेला माणूस. आदल्या पावसाळ्यात एक पोर त्या जीपची वाट बघता बघता गेली. म्हणून प्लॅनिंगसाहेब येणार असं कळलं की ताई एस.टी. पकडून एक्स्चेंजात हजर. मागणी एकच, दवाखान्याला फोन द्या.

साहेबांनी चष्मा वर केला. "गेल्या वर्षी तुमच्या दवाखान्यातून कॉल किती झाले?"

"साहेब, फोनच नाही तर कॉल कुठून होणार?"

"म्हणजे शून्य. मागणी सिद्ध होत नाही. जिथून एकही कॉल नाही तिथे लाइन टाकायची कशी?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुम्ही मुलगी बघायला गेला होतात तेव्हा तिला आधी मुलं किती झाली ते विचारलं होतंत का?"

शिपायाच्या हातातून पट्टी पडली. साहेबांचे कान लाल झाले, पण फोन मिळाला नाही. तलासरीचा फोन मंजूर झाला तो दवाखान्यासमोरच्या सरकारी बंगल्याला. वर्षातून दोनदा साहेबलोक तिथे मुक्कामाला उतरायचे. त्यांनी घरी खुशाली कळवायची कशी? ही मागणी म्हणे सिद्ध झाली होती!

* * *

तार वाचवण्याचं साहेबांना व्यसनच होतं. घोलवडच्या सगळ्या चिकूवाडीवाल्यांना त्यांनी एकाच तारेवर बसवलं, आणि तीच तार पुढे ओढत तलासरीच्या बंगल्यापर्यंत नेली. ह्याला म्हणायचं पार्टी लाइन. प्रत्येकाची घंटा वेगळी. पारशी बमनशेठची एक लांब दोन आखूड, राऊतअण्णांची दोन लांब, असं. पण घंटा कुणाचीही वाजो, रिसिव्हर उचलला की सगळ्यांना सगळं ऐकू येतं. आणि जितके जण ऐकतात तितका आवाज बारीक होत जातो, हे लक्षात ठेवा.

चिकूचे करंडे रेल्वेने मुंबईला जायचे आणि संध्याकाळी दलालाचा भाव सांगायला कॉल यायचा. बमनशेठची घंटा वाजली की अख्खं घोलवड कान लावून बसायचं. बोलणारा दलाल पार विहिरीच्या तळाशी जायचा.

एकदा बमनशेठ वैतागून ओरडला, "अरे, ठेवा नी सगले! माझाच भाव मला ऐकू येत नाय!"

तारेच्या दुसऱ्या टोकाकडून राऊतअण्णा शांतपणे म्हणाले, "भाव पडला म्हणतोय तो, शेठ."

तक्रारी गेल्या. साहेब आले. बमनशेठच्या वाडीत बैठक भरली, पाटीभर चिकू समोर ठेवले गेले. साहेबांनी जाहीर केलं, "वरून मंजुरी आणली आहे. प्रत्येकाला स्वतंत्र लाइन!"

एकाचाही चेहरा खुलला नाही.

बमनशेठ म्हणाला, "साहेब, डबडा बदलून नवा द्या, चालेल. पण तार एकच ठेवा."

"अहो, का पण?"

राऊतअण्णा म्हणाले, "वेगळी केलीत तर ह्याचा भाव मला कसा कळणार?"

बमनशेठ म्हणाला, "नी ह्याला माझा भाव कळला, ते मला कसा कळणार?"

साहेबांनी लिहून टाकलं, "घोलवडचे ग्राहक सहकारी वृत्तीचे आहेत." आणि करंडाभर चिकू गाडीत घालून मुंबईला गेले. चोरांची आळंदी म्हणतात ती ही!

* * *

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची चैत्रातली जत्रा. साहेबांच्या डोक्यात आलं, जत्रेत जनतेसाठी तात्पुरता फोन हवा. खांब रोवले, तार ओढली, आणि फोन ठेवला कुठे? अधिकाऱ्यांच्या मंडपात, गादीच्या बाजूला.

दिवसभर माझ्या बोर्डावर तीच झडप पडत होती. "हॅलो, मी जत्रेतून बोलतोय! ऐकू येतंय का? काही नाही, सहजच!" एका कारकुनाने तर स्वतःच्याच कचेरीत फोन करून आपण जागेवर आहोत का म्हणून विचारलं. तो नसल्याचं कळल्यावर त्याचं समाधान झालं.

कुसुमताईंची तिथे लस टोचायची ड्यूटी होती. दुपारी लस संपली. डहाणूहून मागवायला त्या मंडपात गेल्या तर साहेब म्हणाले, "हा फोन जनतेसाठी आहे. तुम्ही तर सरकारी माणूस!"

ताईंनी बाहेर उभ्या असलेल्या एका म्हातारीला पुढे केलं. "ही जनता. हिला बोलू द्या, मी शेजारी उभी राहते."

साहेब म्हणाले, "जनतेला मंडपात यायची परवानगी नाही!"

* * *

तलासरीच्या बंगल्यातला फोन खानसाम्याने काचेच्या कपाटात कपबश्यांशेजारी ठेवून कुलूप लावलं होतं. मी एकदा त्याला विचारलं, "साहेब नसताना फोन वाजला तर काय करतोस?"

"वाजतो की. वाजून वाजून थांबतो."

एका पावसाळ्यात बंगल्याचं छप्पर गळायला लागलं. दुरुस्ती होईपर्यंत फोन डहाणूला आणून ठेवायचा हुकूम सुटला. हुकूम गेला आमच्या लाइनमन गंगारामकडे. गंगाराम म्हणजे आळसाचा पुतळा. दोन खांबांमध्ये तीन विड्या ओढणारा माणूस! एवढं वजनदार डबडं एस.टी.पर्यंत कोण नेणार? त्याने रस्ता ओलांडला आणि फोन समोरच्या दवाखान्यात ठेवून दिला. सामान म्हणून.

ताईंनी त्याच्यासमोर सुई उकळायला ठेवली. "गंगाराम, तार जोडून देतोस, का बाही वर करतोस?"

गंगारामने आयुष्यात केलेलं एकुलतं एक लोकोपयोगी काम, तेही आळसाने आणि सुईच्या धाकाने! साहेबांनी नंतर चौकशी केली. मी म्हटलं, "फोन दवाखान्यात जपून ठेवलाय." साहेब म्हणाले, "जपून आहे ना? मग ठीक." बंगल्याची दुरुस्ती सरकारी होती, त्यामुळे ती कधी संपलीच नाही.

* * *

आणि मग ती थंडीतली दुपार. चिकूचा हंगाम जोरात.

तलासरीहून फोन आला. ताईंचा आवाज नेहमीचा नव्हता. पाड्यावरची पोर, पहिलटकरीण, कालपासून अडलेली. बाजेवर घालून आणली होती. "जीप पाठवा, लगेच पाठवा."

मी हॉस्पिटल जोडलं. जीप नव्हती! कुठे गेली होती? आमचे प्लॅनिंगसाहेब आले होते, त्यांना घेऊन बोर्डीच्या समुद्रावर. मला त्या क्षणी ती लाकडी पट्टी कुणाच्या तरी टाळक्यात घालावीशी वाटली.

ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाई, ही पण जाईल हो माझ्या हातातून."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, ताईंचा आवाज बारीक होत होत पार तळाशी गेला होता. सगळी वाडी कान लावून बसली होती!

माझं टाळकं फिरलं. "लाज वाटते का? एका पोरीचा जीव चाललाय आणि तुम्ही फुकटचा तमाशा ऐकताय? ठेवा खाली!"

खट्. खट्. खट्. खट्.

मग सुचलं, करंडे स्टेशनावर नेणारे ट्रक तर ह्यांच्याकडेच आहेत. बमनशेठची घंटा वाजवली, एक लांब दोन आखूड. उत्तर नाही. राऊतअण्णांची वाजवली. उत्तर नाही. एकामागून एक सगळ्यांच्या वाजवल्या. कुणीच रिसिव्हर उचलेना! एरवी दुसऱ्याच्या फोनला चिकटलेली माणसं, कामाच्या वेळी स्वतःचा उचलत नाहीत. मी रिकाम्या बोर्डाकडे बघून त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या सुनेसमोर सांगता येणार नाहीत.

तासाभराने त्याच तारेची झडप पडली.

"अहो बाई," ताई विचारत होत्या, "तुम्ही ट्रक तरी किती पाठवलेत? माझ्या दारात रांग लागलीय!"

पुढे बमनशेठचा ट्रक. करंडे खाली फेकून मागे गादी घातलेली. त्याच्या मागे राऊतअण्णांचा, त्याच्या मागे आणखी. ताईंनी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?" बमनशेठ आभाळाकडे बघत म्हणाला, "कोणी नाय. सहज इकडून चाललो होतो." अण्णा म्हणाले, "मी पण." ताई गादीवर पोरीशेजारी बसल्या आणि ट्रक डहाणूकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोलवडची झडप पडली. बमनशेठ.

"बाई, मुंबईचा कॉल आला काय?"

"नाही, शेठ."

"बरा, बरा." पण फोन काही ठेवेना. "नी ते... पोरगा की पोरगी?"

"कुणाला?" मी मुद्दाम विचारलं.

"कोणाला पण. सहज विचारतो."

"मुलगी," मी म्हटलं. "आई आणि मुलगी, दोघी ठीक आहेत."

तेवढ्यात तारेच्या दुसऱ्या टोकाकडून राऊतअण्णा ओरडले, "अहो बाई, जरा मोठ्यानं! इकडे काही ऐकू येत नाय!"