जास्वंदवाले काका

बेलवलीत आमच्या तळमजल्याच्या घरापुढे लाल जास्वंद आहे. तिला पाणी मी घालते आणि फुलं एक काका नेतात. कोण, कुठले, मला माहीत नाही. रोज सकाळी कुंपणापलीकडून छत्रीच्या मुठीने फांदी वाकवतात, फूल देठासकट अलगद खुडतात आणि फांदीला झटका न बसू देता हळूच सोडतात. कळीला मात्र हात लावत नाहीत. तेवढी सभ्यता आहे.

एकदा फांदी हातात असतानाच मी त्यांना पकडलं. "काका, हे काय चाललंय?"

काका दचकले वगैरे नाहीत. "बरं झालं भेटलात, ताई. पानांमागे पांढरी कीड धरलीय बघा. कडुलिंबाचं तेल मारा. आणि छाटणी करत नाही वाटतं? फुलं किती बारकी पडतात! बाप्पापुढे ठेवायला मलाच लाज वाटते."

भांडण राहिलं बाजूला, मी त्याच दुपारी तेल आणलं. छाटणीही केली. दोनेक महिन्यांत तळहाताएवढी फुलं यायला लागली आणि काकांनी मोठी पिशवी आणली.

मग माझं डोकंच फिरलं. काल त्यांच्याआधी उठून सगळी फुलं मीच खुडली. तेवढ्यात काका आलेच. रिकामं झाड बघून त्यांचा चेहरा पडला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला जवळ बोलावलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, जरा लक्ष ठेवत जा. आपली फुलं कोणीतरी चोरली."

हातातली परडी पाठीमागे लपवत मी म्हणाले, "हो ना काका, काय एकेक लोक असतात!"