दाराच्या कमानीवरचं बाळ

माझे बाबा जुन्या इमारती दाखवणाऱ्या दुमजली बसचे ड्रायव्हर होते. डेपोत त्यांना सगळे ‘सावकाश’ म्हणत, कारण मागच्यांनी कितीही हॉर्न बडवले तरी जुन्या रस्त्यावर बाबा वेग म्हणून वाढवायचे नाहीत. प्रवासी वरच्या मजल्यावर, माइक घेतलेला गाइडही वर, आणि बाबा खाली पुढे एकटे. गाइडचं बोलणं स्पीकरमधून त्यांना ऐकू यायचं. पण सीट सोडायची मुभा नव्हती. ज्या इमारतींच्या कौतुकात त्यांचा जन्म गेला, त्यातल्या एकीच्याही पायरीवर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

त्याची भरपाई ते घरी करायचे. हातपाय धुवायच्या आधीच सुरू व्हायचे. आई शिवणयंत्रावर आणि बाबा दारात उभे. “आज त्या लोखंडी सज्ज्यावर ऊन काय पडलं होतं, काय सांगू तुला! सगळी वेलबुट्टी खाली फुटपाथवर उमटलेली.” आई दोरा तोडत म्हणायची, “रस्त्याकडे बघत होतात ना, का सज्ज्याकडेच?” पण ऐकायची सगळं. त्या बसमध्ये मात्र ती एकदाही बसली नाही. घरचीच तर बस, कधीही जाऊ, असं म्हणता म्हणता बाबा रिटायर झाले.

तिची लाडकी गोष्ट हिरव्या घुमटाच्या इमारतीची. ते म्हणे पूर्वीचं प्रसूतिगृह. दाराच्या कमानीवर देणगीदाराचा चेहरा कोरायचा ठरला होता. पण पाथरवटाला नेमकी त्याच आठवड्यात मुलगी झाली. गडी इतका हरखला की त्याने देणगीदाराला दिलं सोडून आणि कमानीवर लेकीचंच तोंड कोरलं. माझ्या वेळी आई अडली होती, तेव्हा बाबांनी तिचा हात धरून हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. त्यामुळे ते दगडी बाळ म्हणजे आमच्या घरात जणू माझी थोरली बहीण. मी भोकाड पसरलं की आई म्हणायची, “ती बघ, ऊनपावसात बसलीय, तरी कशी हसते!” मला त्या बयेचा अगदी मनापासून राग यायचा.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आईची नजर जाणार. समोरचं आधी पुसट होईल, कडेचं थोडे दिवस टिकेल. इलाज नाही. बाबा दवाखान्याच्या बाकावर नुसते बसून राहिले. आईने पर्सची चेन लावली आणि ती म्हणाली, “डोळे जायच्या आत मला ते बाळ बघायचंय.”

आम्ही तिघं बसच्या वरच्या मजल्यावर बसलो. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि नवरदेवासारखे अवघडले होते. आई समोरचं नीट दिसत नाही म्हणून मान तिरकी करून सगळं बघत होती. स्टेशन आलं, घड्याळाचा मनोरा आला, बाबांनी सांगितलेलं सगळं बरोबर निघालं. बाबा गाइड पोरीच्या आधीच बोलायचे आणि मग विजयी मुद्रेने आमच्याकडे बघायचे.

मग जुना रस्ता लागला. तिथे इमारती भिंतीला भिंत लावून उभ्या आहेत. गाइड म्हणाली, “आता पाथरवटाच्या मुलीला भेटू या.” बाबांनी आईचं कोपर धरलं. “तो बघ घुमट! हिरवा! समोर बघ!” आम्ही तिघांनी माना पुढे ताणल्या. आणि बाकी अख्ख्या बसने डावीकडे बघितलं.

डावीकडे विटांची एक साधी इमारत अगदी शेजारून सरकत होती. तिच्या कमानीवर एक छोटं तोंड होतं. मी आईला वळवेपर्यंत ते मागे गेलं. मग हिरवा घुमट शेजारी आला आणि गाइड म्हणाली, “ही पाणीपुरवठ्याची जुनी कचेरी.”

“नवीन पोरगी आहे, चुकली असेल,” बाबा म्हणाले. पुढच्या इमारतीलाही तसंच झालं, तिच्या पुढच्यालाही. मग त्यांचा चेहरा उतरला. “माझी सीट पुढे,” ते हळूच म्हणाले. “ही माणसं शेजारचं बघायची. माझी नजर पुढे असायची. मी ऐकायचो एकीचं आणि बघायचो दुसरीला.” अख्खा रस्ता त्यांनी आम्हाला एका घराने पुढे सरकवून सांगितला होता. मला हसू फुटणार होतं, पण त्यांच्याकडे बघून मी ते आवरलं.

पुढच्या थांब्यावर उतरून आम्ही मागे चालत आलो. आई विटांच्या इमारतीसमोर उभी राहिली. तिने मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. “कमान कळतेय. तोंड नाही दिसत,” ती म्हणाली. “उशीरच केला मी. सांगा तुम्ही.”

“मी नाही सांगणार,” बाबा म्हणाले. “आता माझ्या सांगण्याचा काय भरवसा?”

“मग काय शेजारणीला विचारू? अहो, यापुढे मला सगळं तुमच्याच तोंडून बघायचंय. दूध उतू जातंय का, हिचे केस पिकले का, सगळं. आत्ताच हात टेकलेत तर माझं कसं व्हायचं?” मी दुसरीकडे बघायला लागले, कारण मला रडू येत होतं.

बाबांनी चष्मा शर्टाला पुसला आणि पायऱ्या चढून ते अगदी कमानीखाली गेले. किती तरी वेळ वर बघत राहिले. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून जात होते.

“नाक झिजलंय,” ते शेवटी म्हणाले. “एक कान गेलाय. डोक्याला टोपडं आहे, त्याची गाठ हनुवटीखाली. गाठ मात्र अजून शाबूत आहे.” मग ते घुटमळले. “आणि ती हसत नाहीये गं. मी आपलं हसते म्हणून सांगत आलो. तोंड वाकडं केलंय. आता भोकाड पसरणार बघ.”

आईने माझा हात घट्ट दाबला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. “म्हणजे अगदी आमच्या हिच्यासारखीच,” ती म्हणाली.

परतीला आम्ही साधी बस धरली. आई खिडकीशी बसली, बाबा तिच्याजवळ. बस जुन्या रस्त्याला लागली तशी आईने विचारलं, “आता काय आलं हो?”

बाबांनी सवयीने पुढे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मग ते खिडकीकडे वळले.

“थांब जरा,” ते म्हणाले. “शेजारी येऊ दे, मग सांगतो.”