यादीतून गाळलेलं नाव

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी मशीनचा पडदा माझ्यापासून दुसरीकडे वळवला, तेव्हाच मला कळलं. अठरावा आठवडा होता.

"रोना नक्को, अम्मा. आपकी गलती नहीं. मगर कानून बीस हफ्तों तक का है. जल्दी सोचो."

कागदावर 'अनेन्सेफली' लिहिलं होतं. म्हणजे बाळाच्या कवटीचा वरचा भाग आणि बराचसा मेंदू बनलेलाच नव्हता. जन्मलं तरी जगणार नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "देवाने दिलंय, देवच नेईल. आपण हात लावू नये." नवरा सहा दिवस गप्प राहिला. सातव्या दिवशी गर्भपाताला हो म्हणाला, पण हॉस्पिटलात सोबत यायची वेळ आली तेव्हा त्याला बेंगळूरची मीटिंग निघाली. मग मी वरच्या मजल्यावर सुनंदाताईंचं दार वाजवलं.

मलकपेठेतल्या आमच्या बिल्डिंगीत तेव्हा सगळ्यांकडे नवा केबल टीव्ही आणि जुनीच मतं होती. आदल्या वर्षी सुनंदाताईंना एका नव्या खासगी कंपनीत नोकरी लागली. दोन मुलं होती, तिसरं नको म्हणून त्यांनी गर्भपात केला. "नोकरीसाठी पोटचं टाकलं," हे वाक्य माझं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या यादीतून त्यांचं नाव मीच गाळलं होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "परेशान होऊ नको. जुनी साडी नेस, दोन परकर जास्तीचे घे. मी आटो बघते."

हॉस्पिटलात औषध दिल्यावर कळा बाळंतपणासारख्याच येतात. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते. संध्याकाळपर्यंत सुनंदाताईंनी माझा हात सोडला नाही. मी विचारलं, "राग नाही आला माझा?"

"आला होता. सगळ्या बिल्डिंगीत तिळगूळ वाटलास, फक्त माझं दार सोडून. पण ते आत्ता नको."

घरी आल्यावर बायका डिंकाचे लाडू घेऊन आल्या. सुनंदाताईंच्या वेळी त्यांच्याकडे एकही गेली नव्हती. एक जण म्हणाली, "तुझी मजबुरी गं. तिच्यासारखं नव्हे." आणि मी मान हलवली. लाडू गोड लागत होते, कीवही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे असल्या दुःखातही सुटत नाही. त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या संक्रांतीला यादीत पहिलं नाव सुनंदाताईंचं लिहिलं. सगळ्या आल्या, त्या आल्या नाहीत. मी वाण घेऊन वर गेले. त्यांनी कुंकू लावून घेतलं, वाण घेतलं.

"आता तुझ्यावर आलं, म्हणून सुचलं ना?"

मी हो म्हणाले. त्यांनी मला आत बोलावलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या बिल्डिंगीतही अशी एक जण असेल. तिच्या दाराशी जायला स्वतःवर यायची वाट बघू नका.